न झालेल्या कुस्त्या

पहिलवानाविषयी बोलावयाचे म्हणजे त्याने कोणाकोणास चितपट केले, किती गदा मिळविल्या आणि कोणत्या महाराजांनी त्याच्या डोक्यास फेटा बांधला, ह्यांची यादी वाचून दाखवावयाची असा आपल्याकडे परिपाठ आहे. ही यादी ऐकावयास गोड लागते आणि ती खोटीही नसते. परंतु सारा जन्म शाळेत इतिहास शिकविण्यात गेल्यामुळे मला एक खोड जडली आहे. जे घडले ते वाचून झाले की, जे घडू शकत होते आणि घडले नाही त्याची चौकशी केल्यावाचून मला चैन पडत नाही. म्हणून आज मी आपणांस न झालेल्या कुस्त्यांची हकीकत सांगणार आहे. ज्या पहिलवानांच्या अंगी मोठे सामर्थ्य होते, पण ते पुरतेपणी जगापुढे कधी आलेच नाही, त्यांची ही हकीकत.

मी राहतो चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास. पलीकडे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तो १९८२ सालापर्यंत आमच्याच जिल्ह्याचा भाग होता. ह्या जंगलपट्टीतील एकाही पहिलवानाचे नाव कुस्तीच्या इतिहासात ठळकपणे आढळत नाही. ते का आढळत नाही, हे मला शेवटी सांगावयाचे आहे. पण ते नीट कळण्यासाठी आधी कोल्हापूर, लंडन व हेलसिंकी अशी एक फेरी करून यावे लागेल. आपण माझ्याबरोबर याल अशी आशा आहे.

प्रथम कुस्तीच्या पेशाविषयी दोन शब्द. हौसेखातर लंगोट बांधणारा तरुण निराळा आणि कुस्तीवर पोट भरणारा मल्ल निराळा. मल्लाची उमेदीची वर्षे फार थोडी, साधारण अठरापासून तिशीपर्यंतची. त्या काळात पहाटे उठून मेहनत करावयाची, लाल मातीत लढती द्यावयाच्या, दुपारी विश्रांती घ्यावयाची आणि सायंकाळी पुन्हा जोर-बैठका काढावयाच्या. दूध, तूप, बदाम ह्यांचा खुराक चालू राहिला तरच ही मेहनत अंगी लागते. नाहीतर तीच मेहनत शरीर पोखरून टाकते. असा मनुष्य दुसरे काम करू शकत नाही. तेव्हा त्यास कोणीतरी पोसावे लागते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मल्लास 'जोड' लागते. कुस्तीच्या भाषेत जोड म्हणजे तोलामोलाचा प्रतिस्पर्धी. पहिलवानाचे बळ त्याच्या स्वतःच्या अंगात असते खरे. परंतु त्या बळाची कसोटी पाहणारी जोड लावणे मात्र नेहमी दुसऱ्या कोणाच्या हाती असते. तो दुसरा कोणी राजा असेल, धनिक असेल, पंच असेल, नाहीतर एखाद्या कचेरीतील कारकून असेल. त्याने जोड लावली नाही, तर मल्ल घरी बसून म्हातारा होतो.

ही गोष्ट राजर्षी शाहू महाराजांनी पुरती ओळखली होती. १८९४ साली राज्याधिकार हाती आल्यापासून १९२२ साली देहावसान होईपर्यंत त्यांनी मल्लांस आश्रय दिला, तालमींस मदत केली आणि उत्तरेकडील नामांकित पहिलवान कोल्हापुरास आणून त्यांच्याशी आपल्या मल्लांच्या जोडी लावल्या. १९०२ साली ते विलायतेस गेले होते. त्या प्रवासात रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहून त्यांच्या मनात जी कल्पना आली, तिच्यातून १९१२ साली खासबाग मैदान सिद्ध झाले. मध्ये हौदा आणि सभोवार उतरत्या बैठका. लांब बसलेल्या कुणब्यासही प्रत्येक डाव स्पष्ट दिसावा. कोल्हापूरचे पाणी निराळे म्हणून तेथे पहिलवान निपजले, असे म्हणण्याची पद्धत आहे. पाणी आमच्या वैनगंगेचेही वाईट नाही. तेथे जोड लावणारा होता, हा खरा फरक.

आता जगातील सर्वांत नामांकित हिंदी मल्लाकडे वळू. गामा पहिलवानाचे नाव ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. लहानपणीच पित्याचे छत्र हरपलेल्या ह्या मुलास दतियाच्या महाराजांचा आश्रय लाभला व पुढे तो हिंदुस्थानातील अजिंक्य मल्ल ठरला. १९१० साली बंगालमधील शरत्कुमार मित्र नावाच्या धनिकाच्या साहाय्याने गामा व त्याचा भाऊ इमामबक्ष लंडनास गेले. तेथे जगज्जेतेपदाची म्हणून एक स्पर्धा भरली होती. गामाची उंची पाच फूट सात इंच. ती पाहून व्यवस्थापकांनी त्यास स्पर्धेत घेण्याचेच नाकारले! तेव्हा त्याने जाहीर आव्हान दिले, आलेल्यांस पाडले आणि अमेरिकेच्या डॉक्टर रोलर ह्यास दोनदा आस्मान दाखविले. मग कुठे त्यास प्रवेश मिळाला.

१० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडचा प्रचंड देहाचा मल्ल झिबिस्को ह्याच्याशी गामाची जोड लागली. झिबिस्कोने गामाचा हिसका पाहिला आणि तो पालथा पडून चटईस चिकटला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्यास उचलण्याची खटपट करीत होता. अखेर कुस्ती बरोबरीत सुटली आणि ती एका आठवड्याने पुन्हा व्हावी असे ठरले. १७ सप्टेंबर उजाडला. गामा आखाड्यात उभा राहिला. झिबिस्को आलाच नाही. गामास विजयी ठरवून पट्टा देण्यात आला. कागदोपत्री हा विजयच होय. परंतु जी कुस्ती पाहण्यासाठी गामा सात समुद्र ओलांडून गेला होता, ती झाली नाही.

त्याहून मोठी न झालेली कुस्ती निराळीच आहे. त्या वेळी जगज्जेता म्हणून अमेरिकेचा फ्रँक गॉच मानला जात असे. १९०८ साली त्याने रशियाच्या हॅकेनश्मिटला जिंकले होते आणि १९१० च्या जून महिन्यात शिकागो येथे ह्याच झिबिस्कोस हरविले होते. म्हणजे गॉचने ज्यास जूनमध्ये पाडले, तोच मल्ल सप्टेंबरमध्ये गामाच्या भीतीने मैदान टाळून बसला. अशा स्थितीत गामा आणि गॉच ह्यांची गाठ घालून देणे हे उघड कर्तव्य होते. ती गाठ कधीच पडली नाही. गॉच १९१७ साली वारला. हॅकेनश्मिटशीही गामाची कुस्ती झाली नाही. झिबिस्कोशी पुन्हा हात मिळविण्याचा प्रसंग आला तो १९२८ च्या जानेवारीत, पतियाळाच्या महाराजांनी घडवून आणला तेव्हा. पूर्ण एक मिनिट लागण्यापूर्वीच गामाने त्यास चीत केले. लोकांनी जयजयकार केला. पण त्या वेळी दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते, हे विसरून चालणार नाही. तिशीतल्या सिंहाची खरी झेप किती लांब होती, ह्याचे माप जगापाशी नाही. फाळणीनंतर गामा पाकिस्तानात राहिला आणि १९६० साली लाहोर येथे, आजारपण व पैशाची ओढाताण सोसून, मृत्यू पावला.

श्रोतेहो, गामास निदान संस्थानिकांचा आश्रय होता. संस्थाने गेल्यावर जोड लावण्याचे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर उत्पन्न झाला. त्याचे उत्तर किती अपुरे दिले गेले, हे पाहावयाचे असेल तर खाशाबा जाधव ह्यांचे चरित्र वाचावे.

खाशाबा दादासाहेब जाधव ह्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर ह्या गावी झाला. वडील स्वतः मल्ल. तेव्हा मातीचा वास घरातच. १९४८ साली बावीस वर्षांचे खाशाबा कोल्हापूरच्या महाराजांच्या द्रव्यसाहाय्याने लंडनच्या ऑलिंपिकास गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. हे सहावे स्थान कसे मिळाले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तोपर्यंत त्यांची सारी कुस्ती मातीतली होती; गादीवरच्या कुस्तीचे नियम त्यांस नवे होते.

हा माती आणि गादी ह्यांतील भेद शहरवासी श्रोत्यांसाठी थोडा फोडून सांगतो. आपल्या मैदानी कुस्तीत मल्लाची पाठ जमिनीस टेकेपर्यंत कुस्ती चालते. वेळेची घाई नसते. पालथे पडून बचाव करणे हीदेखील एक विद्या मानतात आणि प्रतिपक्षाच्या लंगोटीत हात घालून पकड घेण्यासही मुभा असते. गादीवर ठरावीक मिनिटांत निकाल. प्रत्येक डावास गुण. पाठ नुसती जमिनीकडे कलली तरी गुण जातात आणि वस्त्रास हात लावणे हा गुन्हा. म्हणजे एका जागी जे शहाणपण ते दुसऱ्या जागी चूक. ढाकेसारख्या डावात तरबेज असलेला आमचा मल्ल अशा परक्या नियमांत उतरून जगात सहावा येतो, तर चार वर्षे गादीवर शिकविल्यास तो कोठवर जाईल, हा विचार कोणाच्याही मनात यावयास हवा होता.

प्रत्यक्षात काय झाले? १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकासाठी मल्ल निवडताना खाशाबांचे नाव मागे पडले. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपणांस जाणूनबुजून एक गुण कमी देण्यात आला, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा जोड लावून दिली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्यास सरळ चीत केले. पाहा, येथे एक कुस्ती झाली नसती तर आपला इतिहासच बदलला असता! आणि ती झाली ती एका संस्थानिकाच्या मर्जीमुळे.

निवड झाली, पण जावयाचे कसे? सरकारकडून पुरेसे साहाय्य मिळेना. वर्गणी गोळा करण्यासाठी त्यांस दारोदार हिंडावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी तर आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. शिक्षकवर्गातील मनुष्य म्हणून ही गोष्ट सांगताना मला अभिमान वाटतो आणि त्याच वेळी लाजही वाटते. सव्वीस वर्षांच्या मल्लाने ज्या दिवसांत केवळ मेहनत आणि विश्रांती ह्यांचा विचार करावयाचा, ते दिवस त्याने तिकिटाच्या पैशाची बेरीज करण्यात घालविले.

हेलसिंकीस खाशाबा ५७ किलोच्या, म्हणजे बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी ह्या देशांच्या मल्लांस त्यांनी हरविले. मग जपानच्या शोहाची इशी ह्याच्याशी गाठ पडली. लढत दीर्घ आणि दमविणारी झाली, इशी जिंकला. ती संपते न संपते तोच खाशाबांस पुन्हा गादीवर बोलाविण्यात आले, आणि ह्या वेळी समोर सोव्हिएत युनियनचा मामेदबेकोव्ह. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो नियम दाखवून भांडणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता, असे ह्या प्रसंगाविषयी सांगण्यात येते. भाषा परकी, अंगात त्राण नाही, बाजूस बोलणारे कोणी नाही. खाशाबा उभे राहिले आणि हरले. इशीस सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांस कांस्य पदक मिळाले. ती तारीख होती २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

आपण कांस्यपदकाचा उत्सव करतो आणि तो केलाच पाहिजे. गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती योग्यच होती. परंतु मी त्या अर्ध्या तासाचा विचार करीत बसतो. विश्रांती घेऊन खाशाबा उभे राहिले असते तर ते जिंकलेच असते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे हा इतिहास होणार नाही. इतकेच म्हणतो की, ताज्या दमाच्या खाशाबांची मामेदबेकोव्हशी कुस्ती झालीच नाही. झाली ती दमलेल्या मनुष्याची. आणि ते अपयश मल्लाच्या खात्यावर टाकणे हा अन्याय आहे.

पुढील वर्तमान थोडक्यात सांगतो. परत आल्यावर ह्या पदकविजेत्याने कुस्त्यांची मैदाने भरविली, ती कशासाठी? प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडविण्यासाठी. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकाच्या आधी गुडघ्यास मोठी दुखापत झाली आणि तिसरे ऑलिंपिक हुकले. सुमारे २७ वर्षे नोकरी करून ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले व १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. त्यांच्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक भारतास लाभावयास १९९६ साल उजाडावे लागले आणि कुस्तीतील दुसरे पदक तर २००८ साली बीजिंग येथे मिळाले. मध्ये ५६ वर्षे गेली. महाराष्ट्राच्या मल्लास कुस्तीतील दुसरे पदक अजूनही मिळालेले नाही.

त्याच हेलसिंकीस खाशाबांबरोबर केशव माणगावे हे दुसरे मराठी मल्ल गेले होते. फेदरवेट गटात ते चौथे आले. एक पायरी वर असते तर त्यांचेही नाव आज शाळेच्या पुस्तकात असते. तिसऱ्याची मिरवणूक निघते आणि चौथ्याचे नावही आपण विसरतो. किती घरांत आज माणगावे हे नाव ठाऊक आहे, हे ज्याचे त्याने आपल्याशी विचारून पाहावे.

ह्यानंतरच्या पिढीकडे पाहिले तरी चित्र फारसे निराळे नाही. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपत आंदळकर ह्या सांगली जिल्ह्यातील दोघा मल्लांनी प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्य पदक मिळविले. दोन वर्षांनी आंदळकर टोकियो ऑलिंपिकात उतरले. पदक आले नाही. १९७० साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत हरिश्चंद्र बिराजदार ह्यांनी सुवर्णपदक जिंकले. हे सर्व पराक्रमी पुरुष होते, ह्यात शंका नाही. पण त्यांचे पोट कोठे भरत असे? जत्रेच्या मैदानात. इनामाची कुस्ती मातीत होई, गर्दी मातीभोवती जमे, दुधाचे बिल मातीतल्या बक्षिसातून फिटे. गादीने मान दिला, भाकरी दिली नाही. तेव्हा हंगामभर एका गावच्या जत्रेहून दुसऱ्या गावच्या जत्रेस जावयाचे, मैदानी कुस्तीस साजेसे वजन वाढवावयाचे, दुखरा खांदा तसाच बांधून पुन्हा फडात उतरावयाचे आणि वर्षातून काही दिवस गादीचे नियम आठवावयाचे, असा त्या काळी मल्लांचा क्रम असे. दोन दरडींवर पाय ठेवून नदी ओलांडता येत नाही. तरी ह्यांनी इतके मिळविले, हेच नवल.

बिराजदारांनी पुढे पुण्यात शिष्य तयार केले. त्यांपैकी बीड जिल्ह्यातील राहुल आवारे ह्याने २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक व २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. पण ते जागतिक पदक ६१ किलो वजनाच्या गटातील होते आणि हा गट ऑलिंपिकात नाहीच! खाशाबांस अर्धा तास मिळाला नाही. ह्या मल्लास वजनाचा गट मिळाला नाही. ऑलिंपिकाच्या गादीवर तो कधी उतरू शकला नाही.

आता ही फेरी संपवून मी माझ्या जंगलात परत येतो. ज्यांची नावे मी घेतली, ते सर्व कोठेतरी पोहोचले होते. शेवटची पायरी तेवढी राहून गेली. आमच्याकडे पहिलीच पायरी नव्हती. चांद्याच्या गोंड राजांचे राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. म्हणजे कोल्हापुरात शाहू महाराज मल्लांच्या जोडी लावीत होते, त्याच्या कितीतरी आधी आमच्या परकोटातील राजाश्रय संपलेला होता. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारले. त्याचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकाच्या प्रसंगी देशी खेळ दाखवून आले. पण वऱ्हाडातील त्या उजेडाचा कवडसा वैनगंगेच्या पलीकडे फार थोडा पोहोचला. अहेरी, सिरोंचा, भामरागड ह्या भागांत पावसाळ्यात नदी चढली की गावेच्या गावे जगापासून तुटतात. तेथे दुधाचा रतीब लावून मल्ल कोणी पोसावा?

तथापि कुस्ती नव्हती असे समजू नका. नागपंचमीस गावच्या आखाड्यात दंगल होते. दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीतील नाटकांबरोबर कुस्त्याही रंगतात. धानाची पोती पाठीवर वाहणारी, रोवणीत दिवसभर चिखलात उभी राहणारी पोरे तेथे उतरतात. अशाच एका पोराची गोष्ट सांगून मी आपले भाषण संपवितो. ती सांगण्यास मला संकोच वाटतो, कारण तीत दोष माझा आहे.

मी नदीकाठच्या एका शाळेवर होतो. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसे, गणितात कच्चा, बोलण्यास लाजरा. त्या वर्षीच्या नागपंचमीस मी सहज दंगल पाहावयास गेलो. तेथे ह्या मुलाने एकामागून एक तीन गडी पाडले. त्यांतील शेवटचा तर मिशा फुटलेला, चांगला पुरुष होता. मुलगा त्याच्या अंगाखाली शिरला, क्षणभर थांबला आणि त्याला खांद्यावरून असा फेकला की सारा गाव उभा राहिला. त्याला कोणी काही शिकविले नव्हते. वस्ताद त्याने पाहिलाही नव्हता. बक्षीस म्हणून एक नारळ आणि एकवीस रुपये मिळाले. ते त्याने आईच्या हाती दिले.

पुढे महिनाभराने शाळेत शालेय कुस्तीस्पर्धांचे पत्रक आले. नावे कळविण्यास आठ दिवसांची मुदत होती. मी ते वाचले आणि त्या मुलाचेच नाव माझ्या मनात आले. परंतु चाचणी परीक्षा जवळ आली होती. स्पर्धेस नेले तर ह्याचे गणित आणखी बुडेल, शिवाय नेण्या-आणण्याचा खर्च कोण देणार, पुढल्या वर्षी पाहू, असा विचार करून मी ते पत्रक टेबलाच्या खणात ठेवले. मुलास काही सांगितले नाही. मला वाटले, मी त्याच्या हिताचेच करीत आहे.

पुढले वर्ष आले नाही. त्या वर्षी धान बुडाले. फाल्गुनात घरची सर्व मंडळी गोदावरीपलीकडे मिरची तोडावयास गेली आणि त्यांच्याबरोबर तोही गेला. परत आला तेव्हा शाळेतून नाव कमी झाले होते. पुष्कळ वर्षांनी तो मला बाजारात भेटला. केस पांढरे होऊ लागले होते. एका खांद्यात वाक आला होता. त्याने वाकून नमस्कार केला, घरच्या मंडळींची विचारपूस केली आणि मग अगदी सहज म्हणाला, "गुरुजी, त्या साली कुस्तीचा कागद आला होता का जी?"

मी "हो" म्हणालो. तो थोडा वेळ उभा राहिला. "बरं," म्हणाला, आणि धान्याचे पोते उचलून निघून गेला. रागावला असता तर मला बरे वाटले असते.

तो मोठा मल्ल झाला असता काय? मला ठाऊक नाही, कोणासच ठाऊक नाही, आणि हेच तर माझे म्हणणे आहे. गामाची गॉचशी जोड कोणी लावली नाही, खाशाबांसाठी अर्धा तास कोणी मागितला नाही, आणि ह्या मुलाचे नाव मी कळविले नाही. पहिली दोन प्रकरणे इतिहासात नोंदली गेली, कारण ते पुरुष आधीच मोठे झाले होते. तिसऱ्याची नोंद कोठेही नाही. अशी नोंद नसलेली प्रकरणे आमच्या दोन जिल्ह्यांत किती असतील, ह्याचा हिशेब कोण देणार?

आमच्या पोरांच्या अंगात दम नाही, असे कोणी म्हणेल तर त्यास एक घडलेली गोष्ट सांगतो. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्ट शिखरावर जाऊन आले. त्यांस निवडले, शिकविले, वाटखर्च दिला, आणि ती जगातील सर्वांत उंच जागी उभी राहिली. ही मुले काही आकाशातून पडली नव्हती. तशीच मुले आधीच्या वर्षांतही ह्याच रानात होती. त्यांस कोणी विचारले नव्हते, इतकेच.

म्हणून आपणां सर्वांस, विशेषतः माझ्या शिक्षक बंधुभगिनींस माझी एक साधी विनंती आहे. आपल्या टेबलाचा खण एकदा उघडून पाहा. एखादे पत्रक, एखादा अर्ज, एखाद्या मुलाचे नाव तेथे मुदतीची वाट पाहत पडले असेल, तर ते आजच पुढे पाठवा. मुलगा हरला तर हरू द्या; हरण्याचाही त्यास हक्क आहे. त्याच्या वतीने तो निकाल आपण घरबसल्या लावू नये.